आपल्या शिवारातला पाऊस आपणच मोजू

ताईंनो, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. ती सरकारी नोंद महसूल मंडळाची. पण नांदेड-लातूरकडं एका शिवारात पडतो, शेजारचं कोरडं राहतं. म्हणून पेरणीसाठी आपली वही हवी.

कसं मोजायचं?

१. वर-खाली सारख्याच रुंदीचा, सपाट बुडाचा डबा घर-झाडापासून दूर, उघड्यावर घट्ट बसवा.
२. रोज सकाळी साडेआठला पट्टी उभी धरा. पट्टीचा शून्य बुडाला टेकला पाहिजे. १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस.
३. तारीख, आकडा लिहा. डबा रिकामा करा. पाऊस नसला तरी '०' लिहायचा.
४. गावाच्या नावासह आकडा प्रभागसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाल्यावरच सोयाबीन पेरा. एका सरीवर भुललं, की दुबार पेरणीचं कर्ज आपल्याच गटातून उचलावं लागतं.