दगडाचा पत्ता कसा शोधतात?

मुंबईला परळ-लालबागला आपल्यापैकी कितीतरी जणांचे काका-मामा राहतात. तिथल्या जुन्या चाळींच्या जोत्याला काळा दगड दिसतो. गिरगावाजवळच्या मलबार टेकडीतही काळाच दगड आहे. हा बेसाल्ट. सहा कोटी वर्षांहून आधी जमिनीतून तापलेला लाव्हा वर आला, थंड झाला व त्याचा हा दगड बनला.

लाव्हा सावकाश थंड झाला की दगडात स्फटिक धरतात. पण काही जातीचा दाट लाव्हा झटकन थंड झाला, तर स्फटिक धरायला वेळच मिळत नाही. मग त्याची काळी, चकचकीत काच बनते. तिला ऑब्सिडियन म्हणतात. ती फोडली की कपचीला वस्तऱ्यासारखी धार येते. म्हणून अश्मयुगातील माणसे तिच्या सुऱ्या व बाणांची टोके करीत.

अशी सुरी सापडली, तर तिचा दगड कुठला हे कसे कळणार? डोळ्यांना बहुतेक तुकडे सारखेच दिसतात. दोन गावच्या विहिरींचे पाणीसुद्धा दिसायला सारखेच असते, पण चव वेगळी लागते ना? तसेच हे. या काचेत बेरियम, झिर्कोनियम अशी मूलद्रव्ये अगदी थोडी असतात, दहा लाख भागांत काही भाग. पण हे प्रमाण प्रत्येक ज्वालामुखीचे निराळे. १९६४ साली कॅन आणि रेन्फ्र्यू या शास्त्रज्ञांनी ही प्रमाणे मोजून भूमध्य समुद्राकाठच्या तुकड्यांचे पत्ते लावले. आता क्ष-किरण सोडून, तुकडा न फोडताही मोजणी करता येते. मग ती डोंगरातल्या नमुन्याशी ताडून पाहायची.

ग्रीस देशातील फ्रँक्थी गुहेत सापडलेल्या कपच्या मेलोस बेटावरच्या निघाल्या. बेट शंभर किलोमीटरहून दूर, मध्ये समुद्र! म्हणजे तिथे शेती सुरू होण्याआधीच माणसे होडीतून ये-जा करीत होती. लेखी पुरावा एकही नाही, पण दगडाने साक्ष दिली.

आपल्याकडे काय? आरमारी अधिकारी टॉड यांना मुंबईजवळ कांदिवलीला अश्मयुगातील हत्यारे सापडली. १९३९ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. मुंबईच्या किनाऱ्यालगत गारगोटीच्या जातीच्या दगडांची नखाएवढी हत्यारेही मिळाली आहेत. पण अशी गारगोटी महाराष्ट्रात बेसाल्टच्या पोकळ्यांत ठिकठिकाणी मिळते. त्यामुळे तिचा नेमका डोंगर सांगणे फार अवघड. अशा वेळी हत्यार कुठे सापडले, हीच मोठी खूण उरते.

म्हणून पालकांनाही विनंती. नांगरताना किंवा विहीर खणताना धारदार, घडवलेली कपची दिसली, तर पोरांना खेळायला देऊ नका. ती जागा लक्षात ठेवा, किती खोल होती ते लिहा आणि गुरुजींना कळवा. जागा हरवली की दगड मुका होतो.

सांगा पाहू :
१. ऑब्सिडियन कसा बनतो?
२. मेलोसचा दगड गुहेत कसा पोहोचला असेल?
३. आपल्या ओढ्यात गारगोटी कुठे मिळते?