नळीवर काय कोरलंय ते आधी वाचा

आमचं कर्जत म्हणजे नगर जिल्ह्यातलं, लोकलवालं नव्हे. रेहेकुरीच्या माळावर काळविटांचे कळप असायचे, आणि त्या भागातल्या बऱ्याच जुन्या घरांत खुंटीला एखादी बंदूक असायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, १९८० साली रेहेकुरीला अभयारण्य झालं आणि बंदुका खोळीत गेल्या. परवाने मात्र चालू राहिले. मुदत संपत आली की नूतनीकरण, आचारसंहिता लागली की जमा, निवडणूक झाली की परत. आमच्या थोरल्या काकांची रायफलही अशीच ये-जा करत राहिली. काका गेले आणि ती आमच्या गळ्यात आली.

फौजेतून निवृत्त झालेले माझे मेहुणे दहाव्यालाच म्हणाले, “पुढचं नंतर बघू, आधी ती जमा करा.” त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. परवाना काकांच्या नावावर होता, आमच्या नाही. परवानाधारक गेल्यावर शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं २१ वं कलम तेच सांगतं. ‘वारस ठरला की बघू’ म्हणून वर्षानुवर्षं हत्यार कपाटात ठेवणारी घरं मला माहीत आहेत. भाऊबंदकीत कुणी अर्ज केला की तीच वस्तू विनापरवाना शस्त्र ठरते. जमा करताना पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. नुसतं ‘एक जुनी रायफल’ असं लिहिलेल्या पावतीचा पुढं काही उपयोग होत नाही.

आम्ही ती विक्रेत्याकडे नेली. परवान्यावर ‘.३०३ रायफल, अमेरिकन’ एवढंच लिहिलेलं. काकांनीच अर्जात तसं भरलं होतं. घरात सगळे तिला थ्री-नॉट-थ्रीच म्हणायचे. विक्रेत्यानं तोंडातून शब्द न काढता नळी भिंतीकडे वळवली आणि डाव्या बाजूची एक बारीक खिडकी मला दाखवली. आत पितळी चकती होती आणि तिच्यावर आकडा होता २. “साहेब, हिच्या पोटात दोन गोळ्या आहेत.” त्यानं चापाखालची कडी, म्हणजे लिव्हर, पुढं ढकलली, पाठोपाठ दोन काळपट काडतुसं फडक्यावर आली आणि चकतीवर शून्य दिसलं. गावात बिबट्याची हूल उठली होती तेव्हा काकांनी भरून ठेवली असणार. ती तशीच आमच्या जीपमधून नगरपर्यंत आली होती. या रायफलीला बाहेरून दिसणारा घोडाच नसतो, त्यामुळं ती चढवलेली आहे की नाही हे अनोळखी माणसाला कळत नाही. म्हणून सांगतो, जुन्या हत्याराला हात लावण्यापूर्वी जाणकार बोलवा, आणि तोवर ते भरलेलंच आहे असं धरून चाला.

घोडा नाही, फिरत्या चकतीचं मॅगझिन आणि गोळ्या मोजणारी खिडकी, एवढ्यावरून विक्रेत्यानं ओळखलं: सॅव्हेज, मॉडेल ९९. आर्थर सॅव्हेज नावाच्या, जमैकात जन्मलेल्या माणसानं अमेरिकेत उभ्या केलेल्या कंपनीचं हे काम. लिव्हरच्या इतर रायफली ओळखायलाही डोळे पुरतात. नळीखाली दुसरी नळी, म्हणजे मॅगझिन, आणि मागं उघडा घोडा असेल, पुंगळी वरून बाहेर पडत असेल तर ती बहुधा विंचेस्टर १८९४. वरची बाजू बंद आणि पुंगळी उजवीकडून निघत असेल तर मार्लिन. लिव्हरच्या पुढं पोटाखाली पेटी लोंबत असेल तर विंचेस्टर १८९५. थिओडोर रूझवेल्टनं १९०९ च्या आफ्रिकावारीत .४०५ बोअरची हीच रायफल नेली होती, आणि आपल्याकडच्या वाघाच्या शिकाऱ्यांतही तिचं नाव होतं. पण बनावट ओळखून काम संपत नाही. एकाच मॉडेलच्या रायफली चार-पाच बोअरच्या असतात. खरी ओळख नळीवर, बहुधा तिच्या मुळाशी, कोरलेली असते. आमच्या रायफलीवर भिंगातून दिसलं ‘.३०३ सॅव्हेज’.

तो शेवटचा शब्द काकांनी अर्जात गाळला आणि तिथूनच सगळा घोळ झाला. ब्रिटिश .३०३ हे लष्कराचं काडतूस. त्याची गोळी लष्कराबाहेर भलत्यांच्या हाती जाऊ नये म्हणून सरकारनं ते पूर्वीपासून सामान्य माणसाला वर्ज्य ठेवलं. आपल्या आयुध कारखान्यांची .३१५ रायफल आली तीही याच कारणानं, लष्करी गोळी चालणार नाही अशी शिकारी रायफल हवी म्हणून. आजही .३०३ हा निषिद्ध बोअर आहे आणि त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय. आमच्या अर्जासोबतच्या कागदावर ‘.३०३’ पाहून परवाना शाखेतले लिपिक थबकले, यात त्यांची काही चूक नव्हती.

.३०३ सॅव्हेज हे वेगळं काडतूस. त्याची पुंगळी सुमारे ५१ मिलिमीटर लांब, ब्रिटिशची ५६, आणि ब्रिटिशची बुडाशीही जाड. ती या रायफलीत बसतच नाही. आम्ही तज्ज्ञाकडून लेखी तपासणी करून घेतली, नळीवरच्या अक्षरांचे जवळून फोटो काढले आणि दोन्ही अर्जाला जोडले. बोअर ठरवायचा तो अधिकाऱ्यांनीच, पण त्यांच्यासमोर कागद नीट ठेवणं आपल्या हातात असतं.

चुलतभावाचं डोकं वेगळीकडेच चाललं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, की .३०-३० ची गोळी सॅव्हेजमध्ये सरकते, थोडी सैल बसते एवढंच. तो सैलपणाच घातक असतो. दाब आला की पुंगळी फुगते, चिरते आणि तापलेला वायू मागं तोंडावर येतो. नळीवर जे नाव आहे तेच काडतूस चालवायचं, ‘जवळपास तसंच’ असलेलं नाही. मॅगझिनमधून निघालेली ती काळपट काडतुसंही चालवून बघण्याची वस्तू नव्हे. ती फोडू नका, रॉकेलात बुडवू नका, विहिरीत टाकू नका. मोजून पावतीवर जमा करा, कारण परवान्याशिवाय नुसतं काडतूस बाळगणं हाही गुन्हाच आहे.

मग गोळी मिळते कुठं? सरळ सांगायचं तर मिळत नाही. सरकारी कारखान्यांची बाराबोअरची, .३१५ ची काडतुसं विक्रेत्याकडे येतात. .३०३ सॅव्हेज तर अमेरिकेतच कारखान्यांनी केव्हाचं सोडून दिलं. .४०५ आणि .३०-३० तिकडं बनतात, पण तुमच्या-आमच्यासारख्या परवानाधारकाला ती परदेशातून मागवता येत नाहीत.

किमतीचं गणितही इथंच फिरतं. इंटरनेटवर डॉलरमधले आकडे पाहून आमच्या काकूंना वाटलं होतं, नातीचं लग्न निघेल. तिकडचा संग्राहक क्रमांकावरून साल काढतो आणि मूळ निळसर झिलई शाबूत आहे का ते बघतो. (म्हणून घासूनपुसून, पॉलिश मारून विकायला नेऊ नका, लाकडाला वॉर्निश तर मुळीच नको.) आपल्याकडे १९८० च्या दशकात सामान्य माणसासाठी बंदुकांची आयात बंद झाली, तेव्हापासून गोळी मिळणाऱ्या परदेशी हत्यारांना सोन्याचा भाव आला. गोळी न मिळणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणजे एखादा हौशी. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. ज्यांच्याकडे तिसरं हत्यार होतं त्यांना ते काढावं लागलं, आणि माणूस आधी काढतो ते असलंच निकामी. आमच्या रायफलीला सांगितलेली किंमत ऐकून काकू म्हणाल्या, “एवढ्यात तर म्हशीचा पायही येत नाही.”

‘इतकी जुनी म्हणजे पुराणवस्तू, तिला परवाना कशाला,’ असं सांगणारेही भेटतील. कायद्यातली सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे. लिव्हर ओढल्यावर काडतूस बाहेर फेकणारी रायफल त्यात बसत नाही.

ज्यांच्या घरी परवानाधारक वडीलधारी माणसं हयात आहेत, त्यांचं काम सोपं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. इतर वारसांची ना-हरकत त्याच्यादेखत घेतली तर निम्मी भांडणं होतच नाहीत. पुढं बंदूक विकायची असली तर जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, आणि घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना लागतो.

चुलतभावानं विकायचं ठरवलं आहे. रायफल विक्रेत्याकडे जमा आहे, ठेवणावळ महिन्याची महिन्याला चढते आहे. परवा ट्रंक रिकामी करताना तळाशी काळविटाची शिंगं निघाली. त्यांना वन खात्याचा मालकी दाखला लागतो, आणि त्यांचं नाव काकांच्या कुठल्या कागदात आहे का, ते काकू शोधत आहेत.