घरची सेवा : पुंडलिकाचा धडा

देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे केली, सेवा सोडली नाही. वारकरी मंडळी चंद्रभागेच्या वाळवंटात त्याचे दर्शन घेतात. हा धडा मात्र घरी आठवला पाहिजे.

‘मला माझ्याच घरात राहू द्या,’ एवढेच बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे मागणे असते. पण देह घरात ठेवला आणि नेम मोडला, तर ते घर त्यांना परके होते. आंघोळ घालताना गळ्यातली तुळशीची माळ विचारल्यावाचून उतरवू नये. कांदालसूण वर्ज्य असेल तर पगारी सेवकाला आधीच सांगावे. उठवत नसेल तर अंथरुणावरच बुक्का लावावा, उशाशी बसून हरिपाठ म्हणावा. कूस दर 2 तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात.

एकादशीला कित्येक वृद्ध औषध घेत नाहीत. त्यांच्यावर ओरडू नये. पाणी, मूळ, फळ, दूध, औषध यांनी व्रतभंग होत नाही, असे विदुरनीतीत सांगितले आहे. ते प्रेमाने समजावावे. मधुमेह असेल तर मात्र उपाशीपोटी औषध जिवावर बेतू शकते. उपवास डॉक्टरांना विचारूनच करू द्यावा.

घरी दुसरे माणूस नसेल, तर यंदाची वारी मनाने करावी. विठोबा विटेवर उभाच आहे. मायबाप थांबत नाहीत.

रामकृष्ण हरि!