ऑपरेशनाआधीचा अंदाज

पीक शेतात उभे असते तेव्हाच गावात नजर पैसेवारी होते. अजून कापणी नसते, खळे नसते. तरी जाणती माणसे पीक पाहून अंदाज बांधतात. पुढे कापणी करून मोजतात, तेव्हा खरे काय ते कळते. कॅन्सरच्या एका आजारात डॉक्टरांनाही असाच अंदाज आधी बांधावा लागतो. तो कसा बांधतात, हे आपण या धड्यात पाहू.

रोग कोठे होतो?

बाईच्या पोटात गर्भाशय असते. त्याला आपण पिशवी म्हणतो. पिशवीच्या तोंडाला होणारा कॅन्सर आपल्या देशात फार बायकांना होतो. जवळजवळ नेहमीच तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. रोग आधी तोंडापुरताच असतो. मग तो बाजूच्या मऊ भागात शिरतो. लघवीची नळी याच भागातून जाते. तो कमरेच्या आतल्या लसिका गाठींतही जाऊ शकतो.

दोन वाटा

रोग लहान आणि तोंडापुरता असेल, तर ऑपरेशन करून पिशवी काढतात. रोग बाजूला पसरला असेल, तर किरणांचा उपचार करतात आणि जोडीला औषध देतात. लोक किरणांना ‘शेक’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतात.

मग आधी ऑपरेशन करावे आणि उरले तर शेक द्यावा, असे का नाही? इटलीतल्या डॉक्टरांनी ३४३ बायकांची पाहणी केली. ती १९९७ साली छापली गेली. या सर्वजणींचा रोग लवकरच्या पायरीवर होता. काहींचे ऑपरेशन केले, काहींना नुसता शेक दिला. पाच वर्षांनी दोन्ही गटांत शंभरांत ८३ जणी हयात होत्या. पण ऑपरेशन झालेल्या पुष्कळजणींना नंतर शेकही घ्यावा लागला, कारण रोग वाटला त्याहून पुढे गेलेला निघाला. ऑपरेशनाच्या गटात शंभरांत २८ जणींना मोठा त्रास झाला. नुसत्या शेकाच्या गटात १२ जणींना झाला. म्हणजे दोन उपचार एकीच्याच अंगावर पडले, तर हाल वाढतात. म्हणून वाट आधीच नीट निवडली पाहिजे.

बांध फुटला का?

पूर्वी डॉक्टर मुख्यतः हाताने तपासून रोगाची पायरी ठरवीत. २०१८ साली फिगो या जागतिक संघटनेने एमआरआयसारखी चित्रेही त्यासाठी धरावीत असे ठरवले.

एमआरआय हे मोठे चुंबकाचे यंत्र आहे. त्यात क्ष-किरण नसतात. आपल्या अंगात पाणी पुष्कळ असते. चुंबक आणि रेडिओच्या लहरी यांनी त्या पाण्याचे कण जागे होतात आणि इशारा देतात. त्यावरून संगणक चित्र काढतो.

चित्रात पिशवीच्या तोंडाभोवती काळे कडे दिसते. रोगाची गाठ उजळ दिसते. काळे कडे सगळीकडून शाबूत असेल, तर रोग बाजूला गेला नसावा. शेताचा बांध धड असला म्हणजे पाणी शेतातच राहते, तसेच हे. गाठ किती सेंटिमीटर आहे, किती खोल गेली आहे, लसिका गाठी मोठ्या झाल्या आहेत का, हेही पाहतात.

शंभरांत किती?

आता हिशोबाची एक नवी रीत निघाली आहे. आधी ऑपरेशन झालेल्या बायकांची चित्रे घेतात. ऑपरेशनानंतर काढलेला भाग तपासून खरे काय निघाले, तेही घेतात. नजर पैसेवारी आणि खळ्यावरचे माप शेजारी ठेवावे, तसे दोन्ही ताडून पाहतात. त्यावरून संगणक नव्या रोग्याबद्दल सांगतो. समजा तो म्हणाला, “अशा शंभर बायकांत वीस जणींचा रोग गाठींत गेलेला असतो.” त्याने ‘हिला आहेच’ किंवा ‘हिला नाहीच’ असे सांगितलेले नसते.

हा हिशोब चुकूही शकतो. गाठीतला रोगाचा बारीक कण चित्रात दिसत नाही. एका दवाखान्यात बसवलेला हिशोब दुसरीकडे तपासल्याशिवाय वापरू नये. काळ्या रानातल्या ज्वारीचा अंदाज कोकणातल्या भाताला कसा लागू पडेल? शेवटचा निर्णय डॉक्टरांनी बाईला तपासून, तिला समजावून आणि तिच्या संमतीने घ्यायचा असतो.

आपण काय करावे?

एमआरआयला जाताना अंगावर धातूची वस्तू नको. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून ठेवावे. त्यात अशुभ काही नाही. हृदयाला यंत्र बसवले असेल किंवा हाडात सळई असेल, तर आधीच सांगावे. यंत्राचा आवाज मोठा होतो, त्याला भिऊ नये. आत हलू नये, नाहीतर चित्र पुसट येते.

आणि मुख्य गोष्ट. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणे, दोन पाळींच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, घाण वासाचे पाणी जाणे, ही लक्षणे दिसली तर लाजू नये. सासूने सुनेला आणि नवऱ्याने बायकोला दवाखान्यात न्यावे. काही त्रास नसला तरी तीस वर्षांपुढच्या बाईने तपासणी करून घ्यावी. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. ती २००९ साली छापली गेली. ज्या गावांत विषाणूची एकदाच तपासणी आणि त्यावर उपचार झाले, तेथे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. रोग लहान असतानाच सापडला, तर अंदाजही सोपा आणि उपचारही सोपा.

प्रश्न
१. ऑपरेशन आणि शेक दोन्ही घ्यावे लागले, तर काय होते?
२. चित्रातले काळे कडे काय सांगते?
३. ‘शंभरांत वीस’ याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
४. कोणती लक्षणे दिसल्यावर दवाखान्यात जावे? घरी वाचून दाखवा.