लाल-हिरवा : पिवळा की तपकिरी?

प्रश्न : लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र आला की पिवळा दिसतो, असं मुलीच्या पुस्तकात आहे. रंगपेटीतले तेच रंग कालवले तर चिखल होतो. खरं काय?
– एक वाचक, खुलताबाद

उत्तर : दोन्ही खरं आहे. प्रकाशात प्रकाश मिसळला की बेरीज होते, रंगात रंग कालवला की वजाबाकी.

आधी बेरीज. डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. शुद्ध पिवळ्या उजेडाने त्यांतल्या ज्या दोन प्रामुख्याने जाग्या होतात, त्याच लाल-हिरव्या जोडीनेही होतात. मेंदूला फरक कळत नाही. मोबाइलवर पिवळ्या झेंडूचा फोटो उघडा आणि पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. त्यातून लाल आणि हिरवे ठिपके दिसतील; पिवळा एकही नाही.

रंगाच्या भुकटीला मात्र स्वतःचा उजेड नसतो. पडलेल्या पांढऱ्या उजेडातला काही भाग ती गिळते, उरलेला परत पाठवते. लाल रंग हिरवा आणि निळा उजेड गिळतो. हिरवा रंग लाल आणि निळा. दोन्ही कालवल्यावर धड काही उरतच नाही, म्हणून तपकिरी. पिवळ्या-निळ्याचा हिरवा होतो तोही असाच : पिवळा रंग निळा उजेड खातो, निळा रंग लाल खातो, आणि दोघांच्या तावडीतून हिरवा तेवढा सुटतो.

लाल, पिवळा, निळा यांतून सगळे रंग बनतात, हा समज मात्र सोडा. छापखान्यात पिवळ्याबरोबर आकाशी आणि साडीच्या दुकानात ज्याला राणी म्हणतात तसा रंग लागतो. आकाशी मुख्यतः लाल उजेड गिळतो, राणी मुख्यतः हिरवा. एकेक रंग कमी गिळतो, म्हणून मिश्रण झळझळीत राहतं. मुलीला जांभळा हवा असेल तर लालऐवजी राणी वापरायला सांगा.

वेरूळ तुमच्या दारातच आहे, पण ही वजाबाकी पाहायला अजिंठ्याला जा. तिथल्या चित्रकारांकडे गेरू, पिवळी माती, दख्खनच्या खडकात मिळणारी हिरवी माती, काजळी आणि पांढरा रंग होता. यांपैकी एकही रंग निळा उजेड बाकीच्या उजेडापेक्षा जास्त परत पाठवत नाही, त्यामुळे ते कितीही कालवले तरी निळा निघत नाही. त्यासाठी लाजवर्द हा दगडच आणावा लागला, तोही आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून.