फोटो घरी दिसतात, सर्व्हरवर का नाही?

प्रश्न : दादरा-नगर हवेलीच्या १९५४च्या मुक्तिसंग्रामावर फ्लास्कमध्ये छोटी साइट केली आहे. विंडोज लॅपटॉपवर फोटो दिसतात. लिनक्स सर्व्हरवर पान उघडते, पण काही फोटो गायब!
– एक वाचक, दादरा (सिल्वासा)

उत्तर : पान उघडते म्हणजे पायथन ठणठणीत आहे. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ पाहा. फोटोपुढे ४०४ असेल तर आधी फाइलचे नाव तपासा. विंडोज कॅपिटल-स्मॉल अक्षरांत सहसा फरक करत नाही, लिनक्स करतो. कॅमेऱ्यातल्या फाइलच्या शेवटी कॅपिटल ‘जेपीजी’ आणि तुमच्या एचटीएमएलमध्ये स्मॉल, की फोटो गेलाच. काहीच फोटो गायब आहेत, म्हणून माझा पहिला संशय यावरच. पुढच्या वेळी सगळी नावे स्मॉलमध्येच ठेवा.

फोटो ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये, ॲपच्या फाइलशेजारी हवेत. पत्ता हाताने न लिहिता ‘यूआरएल_फॉर’कडून घ्या. सगळेच फोटो गेले असते, तर एनजिनएक्समध्ये ‘एलियस’च्या मार्गाशेवटी स्लॅश राहिला का, ते पाहायला सांगितले असते. ४०३ आला तर मात्र प्रश्न परवानगीचा.

जाता जाता : दादरा मुक्त झाले २२ जुलैला, सिल्वासा २ ऑगस्टला. फोटोंखाली या तारखांची सरमिसळ होऊ देऊ नका.