संस्थेचे वाहन, संस्थेच्याच नावे

शेतकरी उत्पादक कंपनीने आपला पहिला मालवाहू टेम्पो घ्यावा, हा गावाच्या दृष्टीने आनंदाचा प्रसंग असतो. टेम्पोला हार घातला जातो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मात्र या गडबडीत एक प्रश्न पुष्कळदा मागे पडतो. हा टेम्पो कागदोपत्री कोणाचा?

एक उदाहरण विचारात घ्यावे. टेम्पोची रक्कम कंपनीच्या खात्यातून भरली गेली. परंतु कंपनीचा ठराव तयार नव्हता आणि पत्त्याचा पुरावा हाताशी नव्हता. मुहूर्त टळू नये म्हणून वाहनाची नोंदणी अध्यक्षांच्या वैयक्तिक नावाने झाली. अध्यक्ष सचोटीचे होते, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. पुढे दोन वर्षांनी अध्यक्षांचे निधन झाले. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर वाहनाचा ताबा ज्याच्याकडे वारसाहक्काने येतो, त्याने 30 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे आणि 3 महिन्यांच्या आत नमुना 31 मध्ये अर्ज करावा, असे आहे. कायदा येथे विचारतो तो वारसांना. ज्या सभासदांच्या भागभांडवलातून टेम्पो आला, त्यांचे नाव नोंदणी पुस्तकात कोठेच नाही. कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना, केवळ नोंदीतील एका नावामुळे संस्थेची मालमत्ता अडकून पडते.

हा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी संस्थेच्या नावे वाहनाची नोंदणी कशी होते आणि तिला व्यवसायाची कोणती प्रमाणपत्रे लागतात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती

मोटार वाहन अधिनियम, 1988 हा 1 जुलै 1989 पासून अमलात आला. त्याच्या कलम 39 प्रमाणे नोंदणी झाल्याखेरीज कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी झाली असेल, तो ‘मालक’, अशी व्याख्या कलम 2 (30) मध्ये आहे. वाहन कर्जाऊ खरेदीचे वा भाडेपट्ट्याचे असेल, तर करारानुसार ते ज्याच्या ताब्यात असेल, तो मालक समजला जातो.

मालक होण्यासाठी हाडामांसाचा माणूसच असावा लागतो, असे नाही. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 9 नुसार निगमन झालेली कंपनी स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करू शकते. सभासद येतात आणि जातात. कंपनी मात्र अखंड राहते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 36 ने नोंदणीकृत सहकारी संस्थेस असेच स्थान दिले आहे. ग्रामपंचायतही कायद्याने निगम निकाय आहे. म्हणून ग्रामपंचायतीची घंटागाडी ही ग्रामपंचायतीची असते, त्या वेळच्या सरपंचांची नव्हे. शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात प्रथम 2003 मध्ये अमलात आली आणि 2021 पासून ती 2013 च्या अधिनियमात समाविष्ट आहे. तीही अशीच स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती होय.

एकट्याच्या मालकीच्या दुकानाची गोष्ट वेगळी आहे. दुकानाच्या पाटीवर कोणतेही नाव असले, तरी कायद्याच्या दृष्टीने दुकान आणि दुकानदार एकच. तेथे वाहनाची नोंदणी मालकाच्या व्यक्तिगत नावानेच होणे योग्य ठरते. भागीदारी संस्था या दोहोंच्या मध्ये आहे. ती भागीदारांहून वेगळी व्यक्ती नसल्याने भागीदारीचा करार आणि सर्व भागीदारांची संमती यांना तेथे विशेष महत्त्व येते.

तीन प्रश्न, तीन पुरावे

माणूस कार्यालयात समोर उभा राहतो, तेव्हा त्याचे अस्तित्व सिद्ध करावे लागत नाही. कंपनी समोर उभी राहू शकत नाही. म्हणून नोंदणी प्राधिकाऱ्यास तिच्याबाबत तीन प्रश्नांची उत्तरे कागदांतून मिळवावी लागतात. ती अस्तित्वात आहे काय? तिचा व्यवसाय कोठे चालतो? आणि तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला आहे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे निगमन प्रमाणपत्र. त्यावर कंपनीचा 21 अक्षरे व अंक मिळून झालेला ओळख क्रमांक असतो. उद्योगाचा प्रकार, राज्य, स्थापनेचे वर्ष आणि कंपनीचा प्रकार हे सारे त्या क्रमांकात गुंफलेले असते. सहकारी संस्थेच्या बाबतीत निबंधकांचे नोंदणी प्रमाणपत्र आणि शिक्षण संस्थेच्या किंवा विश्वस्त संस्थेच्या बाबतीत तिच्या नोंदणीचे प्रमाणपत्र हाच पुरावा होय. यासोबत संस्थेचा स्थायी लेखा क्रमांक, म्हणजे पॅन, लागतो. या दहा अक्षरी क्रमांकातील चौथे अक्षर लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. कंपनीसाठी ते ‘सी’, भागीदारी संस्थेसाठी ‘एफ’, न्यासासाठी ‘टी’, स्थानिक प्राधिकरणासाठी ‘एल’ आणि व्यक्तीसाठी ‘पी’ असते. संस्थेच्या म्हणून दिलेल्या पॅनमध्ये चौथे अक्षर ‘पी’ आढळले, तर तो क्रमांक कोणा व्यक्तीचा आहे, हे तत्काळ ध्यानात येते.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. कंपनीला शिधापत्रिका नसते आणि मतदार यादीत तिचे नाव नसते. तिचा पत्ता म्हणजे तिची व्यवसायाची जागा. अधिनियमाच्या कलम 40 मध्येही निवासस्थानाच्या जोडीने ‘व्यवसायाची जागा’ हे शब्द आहेत. पूर्वी ज्या कार्यक्षेत्रात वाहन सामान्यतः ठेवले जाई, तेथेच नोंदणी करावी लागे. 2019 च्या सुधारणेने, ज्या राज्यात मालकाचे निवासस्थान वा व्यवसायाची जागा असेल, त्या राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा दिली.

येथे वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. त्यावर व्यवसायाची मुख्य जागा आणि अतिरिक्त जागा या दोन्हींची नोंद असते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय एका जिल्ह्यात आणि धान्य साफसफाईचे केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर ते केंद्र अतिरिक्त जागा म्हणून आधीच नोंदवून ठेवणे हिताचे. महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांकाचा आरंभ 27 या अंकांनी होतो आणि पुढील दहा अक्षरे पॅनचीच असतात. त्यामुळे दोन्ही कागद परस्परांशी ताडून पाहता येतात. याखेरीज दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी, उद्यम नोंदणी, वीज देयक, भाडेकरार किंवा ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीचा उतारा हे पूरक पुरावे होत. उतारा देताना जागा प्रत्यक्षात कोणाच्या वापरात आहे, याची खातरजमा ग्रामपंचायतीने केली, तर पुढील पुष्कळ वाद टळतील.

तिसरा प्रश्न सहीचा. कंपनीला मालकी आहे, पण हात नाहीत. म्हणून संचालक मंडळाने सभेत ठराव करून एखाद्या संचालकास किंवा अधिकाऱ्यास प्राधिकृत करावे लागते. ‘वाहन खरेदी करण्यास मंजुरी’ एवढ्या त्रोटक ओळीने काम भागत नाही. वाहनाचा प्रकार व प्रतिमान, खरेदीची रक्कम, कर्ज असल्यास त्याचा तपशील, प्राधिकृत व्यक्तीचे नाव, हुद्दा व नमुना सही आणि तिला कोणत्या कागदांवर सही करता येईल, हे ठरावात स्पष्ट असावे. ठराव इतिवृत्तात नोंदवून त्याची प्रमाणित प्रत अर्जासोबत द्यावी. प्राधिकृत व्यक्ती आपल्या नावाखाली हुद्दा लिहून ‘च्या करिता’ अशी सही करते. ती मालक नसते, मालकाचा हात असते.

वाहनाचा वर्ग

वाहन कंपनीचे आहे, म्हणून ते व्यावसायिक, असा समज सर्वत्र आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. अधिकाऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठी घेतलेली साधी मोटार भाड्याने दिली जात नसेल, तर ती कंपनीच्या नावावर असूनही बिगर-परिवहन वाहनच राहते. अशा वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र 15 वर्षे वैध असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी त्याचे नूतनीकरण होते.

याउलट, ‘आम्ही स्वतःचाच माल वाहतो, भाडे घेत नाही’ हे म्हणणे मालवाहू टेम्पोच्या बाबतीत उपयोगी पडत नाही. मालवाहू वाहनाची व्याख्या भाड्यावर नव्हे, तर माल वाहण्यावर आधारलेली आहे. ते परिवहन वाहन ठरते आणि त्याला योग्यता प्रमाणपत्र लागते. एकूण भारित वजन 3,000 किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास मात्र कलम 66 मधील परवान्याच्या अटीतून सूट आहे. चालकाखेरीज सहापेक्षा अधिक माणसे नेणारे आणि कामगारांची विनामोबदला ने-आण करणारे वाहन ‘खाजगी सेवा वाहन’ होते. शाळेची बस ही ‘शैक्षणिक संस्था बस’ होय. ही दोन्ही परिवहन वाहनांतच मोडतात. शाळेच्या व्यवस्थापनाने बस खरेदी करण्यापूर्वीच ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

अर्जाचा प्रवास

नव्या वाहनाच्या नोंदणीसाठी नमुना 20 मध्ये अर्ज करावा लागतो. त्यासोबत विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र (नमुना 21), उत्पादकाचे वाहन रस्त्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र (नमुना 22), विम्याचे प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, विहित शुल्क व कर लागतात. 2019 च्या सुधारणेनंतर नव्या वाहनाचा अर्ज अधिकृत विक्रेत्यामार्फत होतो. विक्रेत्याने विकलेले नवे वाहन पहिल्या नोंदणीसाठी कार्यालयात हजर करावे लागत नाही. मात्र नोंदणी चिन्ह लागल्याखेरीज विक्रेत्याने ते ताब्यात द्यावयाचे नाही.

या सोयीमुळे संस्थेची जबाबदारी कमी होत नाही. विक्रेत्याच्या कारकुनाने एखादे अक्षर गाळले, तर तीच चूक पुढे प्रत्येक कागदावर उतरते. निगमन प्रमाणपत्रावरील नाव, पॅनवरील नाव, विक्री प्रमाणपत्रावरील नाव आणि विमापत्रावरील नाव ही अक्षरशः एकच असावीत. ‘उत्पादक कंपनी’ किंवा ‘मर्यादित’ हे शब्द नावाचाच भाग आहेत, हे विसरू नये. वाहनासाठी कर्ज घेतले असेल, तर नमुना 34 प्रमाणे कर्जदात्याच्या तारणाची नोंद होते. कर्ज फिटल्यावर नमुना 35 देऊन ती नोंद कमी करून घेणे, हे संस्थेचेच काम आहे.

व्यापार प्रमाणपत्राविषयी एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट ठरेल. नमुना 16 मध्ये अर्ज करून मिळणारे हे प्रमाणपत्र वाहनांचे उत्पादक, विक्रेते इत्यादींसाठी असते. विक्रीपूर्वीची, नोंदणी न झालेली वाहने चाचणीसाठी वा पोहोचविण्यासाठी रस्त्यावर आणण्याची मुभा त्यातून मिळते. स्वतःच्या वापरासाठी वाहन घेणाऱ्या कंपनीस त्याची गरज नाही. तसेच 2021 मध्ये सुरू झालेली ‘बीएच’ ही भारत मालिका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक वाहनासाठी आहे. चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेली खाजगी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यास त्यासाठी नमुना 60 मध्ये कार्यरत असल्याचे प्रमाणपत्र देऊ शकते. परंतु कंपनीच्या स्वतःच्या वाहनास ती मालिका मिळत नाही.

मोह आणि जोखीम

महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीस व्यक्तीच्या नावावरील मोटारीपेक्षा एकरकमी कराचा दर अधिक आहे. त्यामुळे पैसा संस्थेचा आणि नाव संचालकाचे, असा मोह होतो. पण वाचलेल्या कराच्या मोबदल्यात दोन्ही पक्ष मोठी जोखीम पत्करतात. मालमत्ता दुसऱ्याच्या नावे असल्याने संस्थेला लेखापरीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते; आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाईचा दावा त्या संचालकाच्या दारी येतो. वाहन प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ताब्यात गेले असले, तरी नोंद ज्याच्या नावे आहे, तोच मालक म्हणून उत्तरदायी राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणी दिला आहे. भिडेखातर आपले नाव देणाऱ्या सद्गृहस्थाने याचा विचार अवश्य करावा.

नोंद संस्थेच्या नावे झाली, म्हणजे पदाधिकारी जबाबदारीतून सुटले, असेही नाही. अधिनियमाच्या कलम 199 प्रमाणे कंपनीकडून गुन्हा घडल्यास त्या वेळी कामकाजाची सूत्रे ज्याच्या हाती होती, तोही दोषी मानला जातो. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे त्याला सिद्ध करावे लागते. चालकाचे नाव व अनुज्ञप्तीचा तपशील मागितल्यास तो पुरविणे कलम 133 नुसार मालकाचे कर्तव्य आहे. संस्थेच्या वाहनावर आज एक आणि उद्या दुसरा चालक असतो. म्हणून प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवणे ही केवळ इंधनाच्या हिशेबाची बाब राहत नाही. प्रसंगी तोच सर्वांत महत्त्वाचा पुरावा ठरतो.

नोंदणीनंतरही दक्षता हवी. व्यवसायाची जागा बदलल्यास 30 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. वाहन विकल्यास, राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर, विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत तशी वर्दी द्यावयाची असते. संस्थेचे नाव बदलले, तर नव्या नावाच्या प्रमाणपत्राआधारे नोंदणी पुस्तक व विमापत्र दुरुस्त करून घ्यावे.

आरंभीच्या उदाहरणातील टेम्पो पहिल्याच दिवशी कंपनीच्या नावे नोंदला गेला असता, तर अध्यक्षांच्या निधनानंतर नोंदणी पुस्तकातील एक अक्षरही बदलावे लागले नसते. नवे अध्यक्ष निवडले गेले असते आणि टेम्पो दुसऱ्या दिवशीही माल घेऊन बाजारात गेला असता. त्यासाठी लागला असता तो एक नीट लिहिलेला ठराव, पत्त्याचा एक पुरावा आणि फार तर आठवडाभराचा धीर. सभासदांनी थोडाथोडा करून जमविलेला पैसा ज्या वस्तूत गुंतला, तिच्यावर त्यांच्या संस्थेचे नाव असावे, ही अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करण्यासाठी कायद्याने वाट आखून दिली आहे. हार-नारळाच्या आधी त्या वाटेने जाणे, एवढेच संस्थाचालकांच्या हाती आहे.